नवस बोलेल त्याची पाठ

मी, सावळाराम चांगो पष्टे, वय ६२, धंदा सुतारकाम, राहणार मौजे सापगाव, ता. शहापूर, जि. ठाणे, कोणाचे दडपण नसताना, कसलेही नशापाणी न करता व पूर्ण शुद्धीवर असताना हे मृत्युपत्र लिहून ठेवीत आहे. ‘पूर्ण शुद्धीवर’ हे शब्द वकील सगळ्यांच्याच कागदात घालतात. माझ्या कागदाला मात्र डॉक्टरबाईंचा दाखलाही जोडला आहे. मी तीस वर्षे डोक्याच्या आजाराचा पेशंट आहे आणि हे वाचून माझा धाकटा भाऊ कमळू पहिले वाक्य काय बोलेल ते मला पाठ आहे. आता पोटात गाठ निघाली आहे. डॉक्टर दिवाळीचे नाव काढत नाहीत, म्हणून घाई.

१. सापगावातील दोन खोल्या व पडवी मी स्वकष्टाने बांधली. ती माझ्या पश्चात कमळूची मुलगी कुणाली, वय २१, हिच्या एकटीच्या मालकीची होईल. ती बरी असो की आजारी, मालक तीच. तिला विचारल्याशिवाय तिच्या आईबापाने त्या घरात एक रात्रही राहू नये. बँकेत जे आहे तेही तिचेच. किती आहे ते कमळूला सांगू नये, त्याला झोप लागणार नाही.

२. कमळूची बायको मालू हिला माझी चहाची गाळणी देतो. सहा वर्षे तिने माझ्या चहात गोळी कुटून घातली आणि मला कळत नाही असे समजत राहिली. कडू लागायचा, म्हणून मी साखर जास्त मागायचो. एकदा मी कप बदलला. कमळू ऐन लावणीत दुपारपर्यंत घोरत पडला आणि मालूने त्याच्यावरून मीठमिरच्या ओवाळल्या. आज तीच गोळी मी रोज स्वतःच्या हाताने घेतो. डॉक्टरबाईंनी ती माझ्या तळहातावर ठेवून विचारले, “घ्याल का?” तोवर मला हे कोणी विचारले नव्हते.

३. आम्हा भावांच्या जुन्या घरात मला ज्या खोलीत कोंडत, तिचे दार मीच केलेले होते. कडी बाहेरून, पण बिजागरीचे स्क्रू आतून. दहा पैशाच्या नाण्याने अर्ध्या तासात सुटलो असतो. सुटलो नाही, कारण बाहेर हे सगळे होते.

४. आता माझा गुन्हा. मागच्या दिवाळीनंतर कुणालीची झोप गेली, ती भिंतीशी बोलू लागली. कमळू आला. “दादा, पोरीच्या दाराला भायेरशी कडी मारून दे. तुला म्हायती हाय आत कसा असतंय.” मला माहीत होते, तरी मी ड्रिल घेऊन गेलो. आतून तिने विचारले, “काका, भायेर काय करताव?” मी म्हटले, “काय नाय गो.” चार दिवस ती आत होती. पाचव्या दिवशी मी कडी काढली, पण चार दिवस ते चारच. तिला घर देतो ते मायेपेक्षा त्या चार दिवसांपायी जास्त. तिने मला माफ केलेले नाही व मी माफी मागितलेलीही नाही.

५. कुणाली सध्या बरी आहे. कायद्याने तिला आपल्या उपचाराबद्दल आधीच लिहून ठेवता येते, तसे तिने लिहिले आहे: कोणत्या दवाखान्यात न्यावे, कोणत्या गोळीने तिची जीभ जड होते, अंगाला दोरी लावू नये, आणि तिला बोलता येत नसेल तेव्हा तिच्या वतीने मुरबाडची तिची मैत्रीण आरती बोलेल, बाप नाही. हा कागद माझ्या पत्र्याच्या पेटीत आहे. एक प्रत आरतीकडे, एक डॉक्टरबाईंकडे आहे, त्यामुळे पेटी जाळून उपयोग नाही, कमळू.

६. म्हसा गावच्या जत्रेत कमळूने माझ्यासाठी नवस केला होता, भाऊ ताळ्यावर आला तर पाठीच्या कातडीत लोखंडी गळ टोचू. नवस त्याचा, पाठ माझी. मला विचारले कधी, तर गळ टोचायला माणूस पुढे आला तेव्हा. व्रण अजून आहेत. यंदा पौषात तो कुणालीसाठी पुन्हा तसाच नवस बोलला. पाठ कोणाची ते नंतर ठरवू म्हणाला. मी आताच ठरवतो. कमळूने सदरा काढून स्वतः उभे राहावे. देव त्याचा, शब्द त्याचे, मुलगी त्याची. उभा राहिला नाही तर हे कलम दर जत्रेच्या आदल्या दिवशी गावच्या चावडीवर मोठ्याने वाचावे.

७. रंधे, पटाशा, करवती व ड्रिल डोळखांबच्या सुक्याला. वीस वर्षे तो माझ्या हाताखाली होता. मी बडबडू लागलो की हत्यार खाली ठेवून विचारायचा, “दादा, आज काम करशील का नाय?” नाय म्हटले की घरी जायचा, कोणाला सांगायचा नाही. आख्ख्या तालुक्यात एवढाच एक शहाणा मला भेटला.

८. मला मूल नाही. अग्नी कुणालीने द्यावा अशी इच्छा आहे, हुकूम नाही. आधी तिला विचारावे. त्या दिवशी ती आजारी असेल, किंवा बरी असून नको म्हणेल, तर तिला समजवायला कोणी बसू नये, रडून दाखवू नये, हाताला धरून आणू नये. ‘नको’ म्हणाली की सुक्याने अग्नी द्यावा. तिने ‘थांबा, विचार करते’ म्हटले तर थांबावे. लोक खोळंबतील, उन्हे चढतील, वास सुटेल. सुटू दे. या घरात तिचे उत्तर ऐकायला कोणीतरी पहिल्यांदाच थांबलेले असेल, आणि ते मढे असेल.

सही: सावळाराम चांगो पष्टे
(सही थरथरली आहे ती गोळीमुळे. माणूस मीच आहे.)

आमच्यासमक्ष वाचून, समजून सही केली:
१. सकुबाई गोजर निमसे, सापगाव
२. संदीप बाळू भेरे, शहापूर

ठिकाण: शहापूर
दिनांक: १९ मे २०२५