असलेल्या पुलाचा ठराव

प्रिय दादा (आणि सध्या फक्त दादा, वहिनीला नंतर तूच सांग),

तुला पत्र यायची सवय नाही आणि मला लिहायची. फोनवर सांगता आलं असतं, पण घरचा फोन वाजला की आई शेजारीच बसते, आणि ऑफिसातून बोलायचं तर माझ्या टेबलाच्या तिन्ही बाजूंना कान आहेत. शिवाय फोनवर तू मधेच बोलतोस. इथे तुला बोलता येणार नाही, हा पत्राचा मोठा फायदा.

आधी गावच्या बातम्या, कारण तू दर रविवारी पहिल्यांदा त्याच विचारतोस. बसथांबा अखेर दवाखान्यासमोर हलवला. जुन्या थांब्यावर लोक अजूनही उभे राहतात आणि बस समोरून निघून गेली की आमच्या खात्याला शिव्या घालतात. वाचनालयाचं छप्पर दुरुस्त झालं. आता ते दुसऱ्या बाजूने गळतं. पोहण्याच्या तलावाला नवीन फरशी बसवली आणि मग कुणाच्या तरी लक्षात आलं की पाणी भरायची लाइन तिच्याखाली गाडली गेली आहे. फरशी उखडण्याचा कागद माझ्या सहीने गेला. या सगळ्याला विकास म्हणतात आणि त्याचा हिशेब मी ठेवते. तू मला लहानपणी मोजपट्टी म्हणायचास, ते नगरपालिकेने फारच मनावर घेतलं.

आता मुद्दा. गेल्या रविवारी तू आईला म्हणालास, 'बिनधास्त उभी राहा, मी येतो प्रचाराला.' तेव्हापासून ती घरभर तेच सांगत फिरते. नगरसेवकपदाचा अर्ज भरायला थोडे दिवस उरलेत. तिने तो भरू नये असं मला वाटतं, आणि तिला ते फक्त तूच सांगू शकतोस. तू म्हणशील, घरात तू आहेस, तूच सांग. माझं ती ऐकणार नाही. पण त्याचं कारण तुला वाटतंय ते नाही, आमचं भांडण वगैरे काही झालेलं नाही.

फोनवर ती ठणठणीत वाटते, मला माहीत आहे. प्रभागाबद्दल बोलते, दिव्यांबद्दल, कुत्र्यांबद्दल, नगराध्यक्षांच्या नवीन गाडीबद्दल. तू हसतोस, ती हसते. तुझ्या लक्षात आलं नसेल, पण ती गाडी जुनी झाली, आणि ते नगराध्यक्षही आता नाहीत.

गेल्या सर्वसाधारण सभेत मी मागच्या बाकावर बसले होते. बांधकाम खात्याच्या कुणीतरी फायली घेऊन बसावं लागतं, आणि ते कुणीतरी नेहमी मीच असते. कचऱ्याच्या ठेक्यावर वादावादी संपली होती, लोक चहाची वाट बघत होते. आई उठली. तुला आठवतं ना ती कशी उठते, आधी पदर, मग चष्मा, मग सभागृहाकडे एक नजर, वर्गात बाई आल्यासारखी. म्हणाली, 'अध्यक्ष महाराज, माझ्या प्रभागातल्या मुली ओढ्याच्या पाण्यातून शाळेत जातात. ओढ्यावर पूल कधी होणार, याचं उत्तर मला आज पाहिजे. आज मी बूट आणायला विसरले, पण पुढच्या सभेला आणीन.'

बूट तुला आठवत असतीलच. माझे होते. आई पहिल्यांदा निवडून आली त्या वर्षी तिने माझे चिखलाने भरलेले शाळेचे बूट सभागृहात नेले आणि अध्यक्षांच्या टेबलावर, त्यांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवले. दुसरी जोडी नव्हती, म्हणून त्या दिवशी तू मला पाठुंगळीला घेऊन ओढा ओलांडलास आणि तसंच थेट वर्गापर्यंत नेऊन सोडलंस. तुझे मित्र तुला हमाल म्हणाले. तू म्हणालास, 'हमाली घेतली नाही, मोफत सेवा आहे.' पूल त्यानंतर दीड वर्षात झाला. कठड्याला हिरवा रंग दिला, फीत आईनेच कापली. आज तो माझ्या देखभालीच्या यादीत आहे. मागच्या वर्षी त्याचे सांधे मी बदलून घेतले.

पूल आहे हे सभागृहात सगळ्यांना माहीत होतं. नवीन निवडून आलेल्यांपैकी एकजण हसायच्या बेतात होता, मला त्याचा चेहरा दिसत होता. तेवढ्यात भोंगा उठला. हो, तोच. सुरुवातीच्या निवडणुकांत तिच्या विरोधात उभा राहिलेला, मग शेजारच्या प्रभागातून निवडून येऊन इतकी वर्षं तिच्या प्रत्येक सूचनेला विरोध केलेला, ज्याच्या आवाजाने आपल्या घराच्या खिडक्या हलतात असं बाबा म्हणायचे. तो त्याच आवाजात म्हणाला, 'अध्यक्ष महाराज, बाईंचा मुद्दा रास्त आहे. पूल झालाच पाहिजे. माझं अनुमोदन लिहून घ्या.' आणि त्या हसऱ्या पोराकडे असं बघितलं की तो टेबलाखाली पेन शोधायला लागला. मग आणखी दोघांनी हात वर केले. मग सगळ्यांनी. पूल बांधण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला. आई बसली, आणि बसताना माझ्याकडे बघून मान हलवली, कामाला लागा अशी.

दुसऱ्या दिवशी तो ठराव माझ्याच टेबलावर आला, अंदाजपत्रक तयार करण्यासाठी. मी तो घेऊन सभा शाखेच्या सचिवांकडे गेले. म्हटलं, पूल आहे. ते म्हणाले, 'आहे ना? मग तुमचं काम किती सोपं झालं.' म्हटलं, असलेला पूल बांधता येत नाही. ते चष्म्यावरून बघत म्हणाले, 'मॅडम, या इमारतीत नसलेले रस्ते बांधून झालेत. असलेला पूल म्हणजे आपण सुधारलोच म्हणायचं.' मग आवाज खाली आणून म्हणाले, एकमताने झालेला ठराव रद्द करायचा तर तो पुन्हा सभेपुढे न्यावा लागेल, कारणासहित. कारण काय लिहिणार? त्यापेक्षा सदस्यांसोबत जागेची संयुक्त पाहणी करा, काम पूर्ण असल्याचा अहवाल द्या, विषय बंद.

त्याच दुपारी भोंगाही येऊन गेला. टेबलाजवळ उभा राहिला, बसा म्हटलं तरी बसला नाही. त्याला हळू बोलता येतं हे मला प्रथमच कळलं. म्हणाला, 'पोरी, तुझ्या आईला पाडायचं हे माझं आयुष्यभराचं काम. पण असं नाही गं. मतांनी पाडीन, हसण्याने नाही. या वेळी मी होतो. प्रचारात चौकाचौकात माइक असतो, तिथे मी कुठे कुठे पुरणार?' आणि जाताना मागे वळून म्हणाला, 'तिला सन्मानाने घरी ने. मग मला भांडायला कुणी राहणार नाही, ते माझं मी बघतो.'

आईला घेऊन डॉक्टरांकडे जाऊन आले. तपासण्यांचे कागद वेगळ्या पाकिटात पाठवते, तुझ्या ओळखीच्या डॉक्टरांना दाखव. इथल्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, हळूहळू वाढेल म्हणाले, गोळ्या दिल्या. मी त्यांना वेगाबद्दल विचारलं. ते म्हणाले, असा वेग सांगता येत नाही. मला हे उत्तर आवडलं नाही, पण ते प्रामाणिक होतं.

आता मी तिला का सांगू शकत नाही, ते. गेले काही महिने मी संध्याकाळी घरी आले की आई उठून उभी राहते. बाबांची खुर्ची पुढे करते, पाणी आणते आणि समोर बसून म्हणते, 'बोला मॅडम. आमच्या गल्लीतल्या दिव्याचं काय केलंत?' पहिल्या वेळी मला ती थट्टा वाटली आणि मीही थट्टेनेच म्हटलं, काम प्रगतिपथावर आहे. ती चिडली. म्हणाली, 'तुमच्या खात्यात सगळं प्रगतिपथावरच असतं, पोचत कुठेच नाही.'

तू मला ओळखतोस. मी एकेक गोष्ट बदलून पाहिली. ओळखपत्र गळ्यातून काढून आत गेले. मग बॅग बाहेर ठेवून. मग कपडे बदलून, मागच्या दाराने. केस लहानपणीसारखे दोन वेण्यांत बांधून पाहिले, हे वहिनीला सांगू नकोस. सकाळी चहा करताना कधीकधी ती मला 'बाळ' म्हणते आणि मी ढवळत राहते, कारण वळले तर ते जाईल असं वाटतं. संध्याकाळी मात्र मी मॅडम. एकदा मी सरळ म्हटलं, या वेळी उभ्या राहू नका, तब्येत जपा. तिने हात जोडले. म्हणाली, 'अधिकाऱ्यांनी राजकारणात बोलू नये, मॅडम. माझा मुलगा म्हणालाय उभी राहा. तो येणार आहे.' दादा, तुझं नाव, तुझी नोकरी, तुझ्या धाकट्याला दुधाचा दात आला ते, सगळं तिला अजून आठवतं. मला राग येत नाही. कधी कधी येतो.

संयुक्त पाहणी परवा झाली. मी तिला ऑफिसच्या जीपने नेलं, कारण पायी जाऊ म्हटलं असतं तर ती म्हणाली असती, सरकारी पाहणी अशी होते का. पुलाच्या तोंडाशी ती उतरली आणि थांबली. मग कठड्यावर हात ठेवला, तो हलवून पाहिला. पायाने फळी दाबली. या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली आणि परत आली. मी मागे फाइल घेऊन. तिचा चेहरा असा उजळला होता की मला फाइलमध्ये बघावं लागलं. म्हणाली, 'मॅडम, मी तुम्हाला पुष्कळ बोलले. पण काम चोख झालंय. तुमच्या खात्याने आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या लवकर काम केलं.' मी आभार मानले. दुसरं काय म्हणणार होते?

मी निघू या म्हटलं तर ती अलीकडच्या बाकावर बसली. म्हणाली, 'थोडं थांबू. शाळा सुटायची वेळ झालीये. माझी मुलगी येईल. तिच्यासाठीच मागितला होता हो पूल, सभागृहात म्हटलं प्रभागातल्या मुली, पण डोळ्यापुढे तीच होती. फार मोजून-मापून वागते, बूट भिजले तरी रडत नाही, नुसती बघते. तिला दाखवते आणि मग जाऊ.' मी तिच्या शेजारी बसले. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला, मी त्याला हाताने थांब म्हटलं. शाळा सुटली. पोरी धडधडत पुलावरून आल्या आणि गेल्या, आणि आई प्रत्येकीच्या पायांकडे बघत होती, चेहऱ्याकडे नाही. पूल रिकामा झाला. मी म्हटलं, आली नाही वाटतं. ती अजिबात काळजीत नव्हती. म्हणाली, 'येईल. ती एकटी नाही येत. दादा आणतो तिला. तो तिचा हात सोडत नाही.'

अहवाल मी दिला, काम पूर्ण, सदस्य समाधानी. ठराव बंद झाला. पण आई काल पुन्हा त्या बाकावर जाऊन बसली होती, आजही. म्हणून हे पत्र. तू ये. प्रचाराला नको, निवडणुकीचं तुझ्या पद्धतीने तिला समजाव, तुझं ती मानेल. पण त्याआधी एक कर. स्टेशनवरून थेट घरी जाऊ नकोस, माझ्या ऑफिसात ये. मी ओळखपत्र ड्रॉवरमध्ये ठेवीन. आपण शाळेच्या बाजूला जाऊ आणि शाळा सुटल्यावर तिकडून पुलावरून चालत येऊ, पोरींच्या मागोमाग. पलीकडे ती बसलेली असेल. तू माझा हात धर, लोक बघतील तर बघू देत. बाकी सगळं मी एकेक करून पाहिलं आहे, एवढं एकच माझ्याच्याने एकटीने करून बघता येत नाही.

वाट बघत, तुझीच
मोजपट्टी