लाल शाईतलं लातूर

चाकूर, ३ मे, मंगळवार

परदेशातल्या त्या छोट्या अध्यापक महाविद्यालयाचं पत्र आज आलं. शाळेच्या दाखल्यावर खाडाखोड आहे म्हणून माझा अर्ज फेटाळला. खाडाखोड आमच्या गुरुजींची. नवा जिल्हा झाल्याच्या आनंदात त्यांनी दाखल्यावरचं उस्मानाबाद खोडून लाल शाईनं लातूर लिहिलं. मी का अडवलं नाही? मलाही तेव्हा बरंच वाटलं होतं.

संध्याकाळी टँकरच्या रांगेत गुरुजी माझ्या पुढंच उभे.

"पोरी, आला का कागद तिकडचा?"

"न्हाई अजून, गुरुजी."

"येतंय की. गावातून तूच पहिली जाणार."

निकाल लिहून त्यांच्या बोटाला तीच लाल शाई लागलेली. टँकरमधलं पाणी तळाला गेलं होतं. त्यांनी आपली पाळी मला दिली. मी घागर भरून घेतली. त्यांची रिकामीच घरी गेली.