काटा थांबल्यावर

अब्बा, माझ्या जागी तुम्ही असतात तर तो सीटी पास केला असतात का? चाचा म्हणतात, नक्की केला असता.

तुम्ही गेलात तेव्हा मी दहावीत होते, त्यामुळे माझं काम तुम्हाला ठाऊक नाही. बारामतीच्या एमआयडीसीत एका प्रयोगशाळेत मी सीटी, म्हणजे करंट ट्रान्सफॉर्मर, तपासते. मोठ्या मोटारीच्या तारेतला करंट मीटरला सोसत नाही. सीटी तो ठरलेल्या प्रमाणात बारीक करून मीटरला देतो. त्यानं कमी दिला तर मीटर कमी मोजतो. आम्ही त्याच तारेवर आमचा खात्रीचा सीटी लावतो आणि दोघांतला फरक बघतो. सोमवारी आले ते आपल्या कळंबचे, नदीवरच्या सामाईक पंपासाठी घेतलेले तीन नवे. जुने जळलेत, पंप बंद आहे आणि चाचांचा मका तुऱ्यावर आलाय. दोन बरोबर निघाले, तिसरा करंट कमी देत होता, फरक मर्यादेच्या जरासा बाहेर. गाभ्यात चुंबकत्व उरलं असलं तरी आकडा असा चुकतो, म्हणून ते उतरवून पुन्हा तपासला. आकडा तिथंच. माझ्यासोबत काम करणारे काका वायर सोडवत म्हणाले, "म्याडम, जरासंच तर हाय. बिल कमीच येणार, शेतकऱ्याचंच भलं. आन् तुमच्याच गावचं हाय न्हवं?"

तेव्हा मला आपलं दुकान दिसलं. मी चौथीत आहे, तुम्ही पहिल्यांदा तराजू माझ्या हाती दिलाय. समोरच्या आजीला तूरडाळ हवी आहे. मी हौसेनं ओततच राहते, पारडं खाली टेकतं. तुम्ही माझं मनगट धरता. "थांब. जादाची काढ. आधी काटा थांबू दे, मग दे काय द्यायचं ते." आजी हसते, "शेठ, पोरगी तुमच्यापरीस बरी हाय की. उद्यापासनं तिलाच बसवा." काटा सरळ होतो आणि मग तुम्ही पोत्यातली मूठभर डाळ वरून तिच्या पिशवीत टाकता. घरी येऊन मी रडले होते. शेवटी द्यायचीच होती, तर मला रागावलात कशाला? तुम्ही माझ्या ताटात भाकरी कुस्करून दूध ओतलंत.

ती मूठ तुमच्या पोत्यातली होती. सीटीतला फरक माझ्या पोत्यातला नाही, एवढं मला कळतं.

मी नापास लिहून सही केली आणि चाचांना स्वतःच फोन केला. त्यांनी आधी फरक किती ते विचारून घेतलं. मग म्हणाले, "शिकलीस, चांगलं झालं. पर तुझ्या अब्बानं गिऱ्हाईक रिकाम्या हातानं कधी धाडलं न्हाय."

बदलीचा सीटी बुधवारी संध्याकाळी आला. गुरुवारी आमची सुट्टी, म्हणजे काम शुक्रवारवर गेलं असतं. मी सरांकडून किल्ली मागून घेतली. काका कुरकुरत आले. काल आम्ही दोघांनी तो तपासला, पास झाला, आणि तिन्ही सीटी स्कूटीवर ठेवून मी कळंबला पोचवून आले. चाचा पंपावरच होते, चहाला थांब म्हणाले. मी थांबले नाही. त्यांच्यावर थोडी रुसले आहे, हे फक्त तुम्हाला सांगते.