काळ्या पुलावरची माघार

ता. ४ जून

ती. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर आवाज चढला असता, म्हणून लिहितोय. अक्षर कोंबडीच्या पायाचं आहे, चालवून घ्या.

दादाच्या मोबाईलला हात कोणी लावला? तो गेल्यापासून गेममधला त्याचा सेनापती काळ्या पुलावर राक्षसांना अडवून उभा होता. हुकूम आल्याशिवाय तिथला गडी हलत नाही. कामावरून आलो की मी गेममध्ये जाऊन त्याची पाठ बघून यायचो. काल गेलो तर पूल मोकळा. सेनापतीने माघार घेतली, असा निरोप सगळ्यांना गेलेला. खोलीतली पोरं म्हणाली, तुझा भाऊ शेपूट घालून पळाला. एकाची गचांडी धरली मी.

कामावर टाकीत बेशुद्ध पडलेल्या सोबत्यासाठी दादा खाली उतरला, जीव गेला पण मागे फिरला नाही. त्याच्या नावाला हा डाग कशाला? महिनाअखेरीस आमच्याकडेही मोठी टाकी धुवायची आहे. आत विषारी वाफ आहे. मास्कचं विचारलं तर मुकादम म्हणतो, येतील तेव्हा येतील. पहिला मीच उतरणार. कुणाचा भाऊ आहे ते कळू दे सगळ्यांना.

आईला नमस्कार. रागवा, पण माया आटू देऊ नका.

आपला,
धाकटा


ता. १२ जून

चि. भावोजींस,
अनेक आशीर्वाद.

गचांडी धरायला अंगात मांस तरी आहे का तुमच्या?

ह्यांचा मोबाईल मीच चार्ज करून ठेवते. त्या दिवशी आई शेजारी येऊन बसल्या. तो अजून तिथंच उभा आहे का, म्हणून विचारलं. मी हो म्हटलं. मग मागे बोलव की गं त्याला, म्हणाल्या, सगळे नुसते वाहवा करतात, बोलवत कोणीच नाही. मी माघारीचं बटण दाखवलं. बोट त्यांनी ठेवलं.

पूल गेला, कबूल. पण त्याच्या मागची फौज जिवंत तळावर पोचली, ते तुमच्या पोरांना दिसलं नाही? हे टाकीत उतरले तेव्हा वर दोरी धरायला माणूस नव्हता. सोबतीही वाचला नाही. लोक शूर म्हणाले आणि जेवायला घरी गेले. हे मात्र अजून माझ्या स्वप्नात शिडी उतरतात. मी ओरडते, आवाज फुटत नाही.

म्हणून कागदावर ओरडते आहे. उतरू नका. आईंच्या बोटाला एवढ्या लांबचं बटण सापडायचं नाही.

जिवाला जपा, तोच आमच्यावरचा लोभ.

तुमची,
वहिनी


ता. ३० जून

ती. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

आज झाकण उघडलं. मुकादमाने माझ्याकडे बघून उतर म्हणून मान हलवली. मी शिडीवर पाय ठेवला आणि आतून कोणीतरी खाकरलं. दादा हाक मारायच्या आधी खाकरायचा, अगदी तसं. मग हाक आली. माझ्या नावाने.

आत कोणी नव्हतं, वहिनी. कोणी उतरलंच नव्हतं.

दुसरा पाय उचलला जात होता माझा. खोटं कशाला सांगू, जावंसं वाटलं. मग पाय काढून घेतला आणि पोरांना ओरडून म्हटलं, मागे व्हा, मास्क येईपर्यंत कोणी उतरायचं नाही. मुकादम भित्रा म्हणाला, बायल्या म्हणाला. पोरं एकेक करून माझ्यामागे आली.

उद्या काम राहील असं वाटत नाही. झाकण तसंच उघडं आहे आणि हाक अजून येते. ओ द्यायची नाही म्हणून हे पत्र लिहीत बसलोय.

आईला सांगा, मी वर आहे. दोघींनी लोभ धरून ठेवा, घट्ट.

आपला,
धाकटा