चाळीस दारांतली शिक्षा

बाई, मी आता बाल न्याय मंडळावर असते, हे तुम्हांला सांगायचं राहिलं. अठराच्या आतल्या कुणाच्या हातून गुन्हा घडला की ते प्रकरण सोलापुरात आमच्यापुढं येतं. न्यायाधीश मधे, आम्ही दोघं सदस्य बाजूला. गुन्हा किरकोळ असेल तर खटला रेंगाळत न ठेवता त्या पोराला दुसऱ्या वाटेनं कसं नेता येईल, ते बघायचं. लोक म्हणतात, हे लाड आहेत. मी म्हणते, नाहीत. आणि हे मी पुस्तकात वाचून म्हणत नाही.

मंद्रूपच्या शाळेतली ती दुपार. मी नववीत. गणितात नापास झाले तर शाळा बंद, असं घरी ठरलेलं. सहामाहीचा गठ्ठा तुमच्या टेबलावर होता आणि मागच्या शेडमध्ये खिचडीची चूल पेटलेली. अख्ख्या वर्गाचे पेपर मी चुलीत घातले. मुख्याध्यापक ओरडतायत, "आज कागद जाळले, उद्या शाळा जाळंल ही! पोलिसांना बोलवा." मी भिंतीला चिकटून उभी. तुम्ही माझ्याकडं बघतही नाही. "पोलीस कशाला, सर? पेपर पोलिसांचे नव्हते की. ज्यांचे होते, त्यांच्या दारात नेते मी हिला."

चाळीस दारं. तुम्ही बाहेर कट्ट्यावर बसायचात, आत जाऊन मी सांगायचं. कुणी हसलं, कुणी कानडीत धुतलं. एका घरात आई भाकरी थापता थापता थांबली. "माझी पोर पहाटं उठून अभ्यासाला बसत हुती. तिला काय सांगू, तूच सांग की." त्या आठवड्यात वडिलांचा मारही खाल्ला होता, तो विसरले. पिठानं भरलेले ते थांबलेले हात नाही विसरले. मग फेरपरीक्षेच्या प्रश्नपत्रिका तुम्ही माझ्याच हातानं लिहून घेतल्यात, चाळीसच्या चाळीस. मी मनातून खूश, तर तुम्ही म्हणालात, "तुझा पेपर वेगळा आहे." त्या पेपरात मी पास झाले.

यंदा आमच्याकडं सोळा वर्षांची एक मुलगी आली. शेजाऱ्याची स्कूटी न विचारता काढली आणि आठवडी बाजारात भाजी विकणाऱ्या आजींना धडक दिली. त्यांचं मनगट मोडलं. मुलीचं एकच, "ब्रेक लागला न्हाय, त्यात माझी काय चूक?" मी आजींकडं गेले. म्हटलं, तिनं माफी मागितली तर? आजी म्हणाल्या, "माफी घिऊन काय करू? माझ्या पाट्या कोण उचलणार, ते बोला." मी ते जसंच्या तसं मंडळापुढं मांडलं. न्यायाधीशांनी लिहून घेतलं. समुपदेशन, आणि हात बरा होईपर्यंत दर बाजारी आजींना मदत.

पहिल्या बाजारी मुलगी तोंडाला ओढणी बांधून आली. वर्गातल्या मैत्रिणी दिसल्या की पाट्यांच्या आड बसायची. तिसऱ्या बाजारी आजींनी तिच्या हातात तराजू दिला. चौथ्या बाजारी वांगी मांडता मांडता, कुणी विचारलं नसताना, ती म्हणाली, "आजी, मला गाडी चालवायला येतच नव्हती." आजींनी मान वर केली नाही. "ते मला त्याच दिशी कळलं की. बोलायला लई दिवस लावलंस."

मी शेजारीच उभी होते. कुठल्याही कोर्टात हे वाक्य निघालं नसतं, बाई. मी पैज लावून सांगते.

प्लास्टर निघालं, मुदत संपली. पुढच्या बाजारी मी मुद्दाम गेले. मुलगी आली नव्हती. आजी म्हणाल्या, "कशाला यील? दहावी हाय तिची." बरोबरच होतं त्यांचं. तरी मी अर्धा तास तिथं घुटमळले, वाट बघत.

दहावी झाल्यावर मीही तुमच्याकडं एकदाही आले नाही. निकालाचे पेढे नाहीत, नोकरीची बातमी नाही. तुम्ही गेल्याचं मला वर्षानं कळलं. हे पत्र पाठवायला आता पत्ता नाही, असं म्हणता येतं. पण तेव्हा होता, बाई. आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून.