ड्रायरचा पट्टा

प्रिय ओंकार,

हे पत्र तुला सम्यकच्या हातून मिळेल. शेजारच्या गावातला तो मुलगा तुझ्याच जहाजावर चढणार आहे असं कळलं, तेव्हा मीच त्याच्या आईला निरोप धाडला की निघण्याआधी त्याला आमच्याकडून जाऊ दे. त्याच्याजवळ सुक्या जवळ्याची चटणी दिली आहे, दोघं मिळून खा. फोन असताना पत्र कशाला, असं तुला वाटेल. पण फोनवर तुझा आवाज तुटतो, आणि लागतो तेवढा वेळ तू "आईला दे, आईला दे" करतोस. मला सगळं सांगायचं आहे, मध्ये कोणी न बोलता.

गेल्या उन्हाळ्यात जाण्याआधी तू कपडे सुकवायचा ड्रायर आणून मागच्या पडवीत बसवलास, तेव्हा सगळी आळी हसली होती. पाऊस लागल्यावर कोणी हसलं नाही. आईच्या चादरी रोज धुवाव्या लागतात, कधी दिवसातून दोनदा, आणि इथल्या हवेत रुमालसुद्धा सुकत नाही हे तुला काय सांगू. सुरुवातीला ड्रायर छान चालला. मग एक दिवस आतून खडखड सुरू झाली. मला वाटलं बटण नाहीतर नाणं अडकलं असेल. सगळे खिसे तपासले, जाळी काढून झाडली, रिकामा फिरवून पाहिला. खडखड होतीच. फरशी खालवर आहे म्हणून मशीनच्या पायांखाली पुठ्ठ्याच्या घड्या सरकवल्या. मग तर खडखडीच्या जोडीला किंचाळल्यासारखा आवाज यायला लागला. कंपनीला फोन केला तर तिथली मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, तुमच्या भागात आमचा माणूस येत नाही."

त्या आवाजाने आई अस्वस्थ व्हायची. मशीन सुरू झालं की चांगला हात खाटेच्या दांडीवर आपटायची. अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून तिच्या तोंडून एक शब्द फुटला नव्हता, नुसतं "अं, अं". मला वाटलं तिला त्रास होतोय, म्हणून मी मधलं दार लावून घ्यायला लागले. ती आणखी जोरात आपटायची.

एका सकाळी शेजारची मैनाकाकी तिला पेज भरवत होती आणि मी मशीन लावून मागे भांडी घासत होते. एकदम काकीची हाक आली, "सुचिता, धाव गो! बायजा बोलली!" मी राखेच्या हातांनीच धावले. आईने माझ्याकडे पाहिलं, मान पडवीकडे वळवली आणि अगदी स्पष्ट म्हणाली, "पट्टा."

बाबा गेल्यावर आईने भातगिरणी चालवली ती इतकी वर्षं, तुला आठवतं ना? ती चुलीपुढे भाकऱ्या थापत असायची आणि गिरणीचा आवाज जरा बदलला की म्हणायची, "पट्टा ढिला झालाय, जा, बंद करायला सांग." म्हणजे एवढे दिवस ती मला तेच सांगू पाहत होती, आणि मी दार लावून घेत होते. संध्याकाळी तुझा व्हिडिओ कॉल आला तेव्हा तुलाही तिने तो शब्द ऐकवला. तू इंजिनरूमच्या निळ्या डगल्यात होतास, तसाच जिन्यावर बसून रडलास. "ताई, आई परत येतेय," म्हणालास. मलाही तसंच वाटलं रे. त्या दिवशी मला भरपूर जेवण गेलं.

पुढचं तुला माहीत नाही. पंप दुरुस्त करणाऱ्या गणराजला बोलावलं. त्याने मागचा पत्रा उघडला, तर पट्टा खरंच एका कडेला झिजला होता. अलिबागहून नवा आणला. तो बसवताना पाहायला अर्धी आळी पडवीत जमली होती. मशीन सुरू झालं, क्षणभर नुसती गुणगुण, आणि मग पुन्हा तीच खडखड. आतून आई म्हणाली, "पट्टा." गणराजने पुन्हा उघडून ताणून पाहिला. "पट्टा." शेवटी तो तिच्याजवळ जाऊन हळूच म्हणाला, "मावशी, पट्टा नवा घातलाय. पट्ट्यात काय न्हाय." ती त्याच्याकडे पाहत राहिली आणि तेच म्हणाली.

मशीन बंद केलं, माणसं गेली. मी पाणी पाजायला घेतलं तर आई म्हणाली, "पट्टा." उशी सरकवली तर "पट्टा." मग तिने माझा हात धरला, माझ्या तोंडाकडे पाहिलं, कपाळाची शीर फुगेपर्यंत जोर लावला. माझं नाव घ्यायचं होतं तिला, मला कळत होतं. तोंडातून तेच आलं. आणि ते चुकलं हे तिलाही ऐकू आलं, ओंकार. तिने तोंड भिंतीकडे फिरवलं.

डॉक्टर म्हणाले, काही जणांचं असं होतं. एकच शब्द उरतो, आणि तो ते निवडत नाहीत. मी विचारलं, पण पहिल्यांदा म्हणाली तेव्हा? तेव्हा तरी तिला खरंच पट्टाच म्हणायचं होतं ना? ते म्हणाले, "सांगता येणार नाही." नंतर गणराजला खरा बिघाड सापडला. ड्रमला खालून टेकू देणारी रबरी चाकं एका बाजूने झिजली होती. ती बदलली. आता मशीन मुकाट चालतं. त्या दिवशी पाहायला कोणी आलं नाही.

फोनवर आई तुला तोच शब्द म्हणायची आणि तुला वाटायचं मशीन अजून बिघडलेलंच आहे. तू हसून म्हणायचास, "आई, तुला नवा घेतो." मुंबईच्या मोठ्या इस्पितळात नेऊन तिला पुन्हा बोलायला शिकवायचं, त्या खर्चासाठी तू जहाजावरचा मुक्काम वाढवून घेतलास, तेही तिलाच सांगितलंस. तिने उत्तर दिलं. तुला ते उत्तर वाटलं. मला तेव्हा मध्ये पडून खरं सांगवलं नाही.

आणि आता जे फोनवर सांगू नकोस असं आळीतल्या धर्माकाकांनी बजावलंय ते. "भर दर्यात हाय त्यो. तिथं कुनाच्या गल्यात पडून रडंल?" असं म्हणाले, म्हणून मी गप्प बसले. आईला दुसरा झटका येऊन गेला. अलिबागच्या डॉक्टरांनी "घरी न्या" म्हटलं, आम्ही आणलं. ती आता काहीच बोलत नाही. तू फोन करतोस तेव्हा मी "झोपलीय" म्हणते, पण ती झोपलेली नसते. डोळे उघडे असतात, माझ्यावर थांबत नाहीत. तू आलास तरी ओळखेल असं मला वाटत नाही. तू येईपर्यंत राहील असंही वाटत नाही. कप्तान, कंपनी, पुढचं बंदर, तुझ्या जागी दुसरा माणूस, हे सगळं एवढं सोपं नाही हे मला कळतं. तरी विचार. आईसाठी ये, असं आता म्हणवत नाही. मैनाकाकी घरी गेली की दिवसभर या घरात मी कोणाशी एक शब्द बोलत नाही रे. माझ्यासाठी ये.

तुझीच,
सुचिताताई