पळीखालचा हात

आई, येत्या मंगळवारी माझं पोट कापून लहान करणार आहेत, आणि ते तुला सांगितल्याशिवाय जाणं मला बरं वाटेना. घाबरू नकोस. चार-दोन बारीक छिद्रं पाडतात आणि दुर्बिणीतून काम करतात. पण ज्या पोटाला तू इतक्या निगुतीनं वाढवलंस त्याचा बराचसा भाग काढून टाकणार, म्हणजे तुझा संबंध येतोच.

इथं प्रत्येकाला माझ्या वजनाबद्दल बोलायचं असतं. गुडघ्यांचे डॉक्टर म्हणाले, आधी वजन उतरवा, मग गुडघे बदलू. वजन उतरवायला चालावं लागतं आणि चालायला गुडघे लागतात, हे मी समजावून सांगायला लागले तर ते घड्याळ बघायला लागले. शेजारीण म्हणते, "या वयात आता कोणाले दाखवायचं आहे?" मी म्हटलं, "जिन्याला. कोणाचा खांदा न धरता वर यायचंय मला." हाडकुळी माणसं मला संयम शिकवतात तेव्हा माझं डोकं फिरतं. जन्मभर टेलिफोन एक्सचेंजमध्ये बसून मी लोकांना 'लाइन मिळणार नाही' सांगत आले. मला नकार द्यायला कोणी शिकवायला नको, अशी माझी समजूत होती.

आहारतज्ज्ञ मुलीनं मला धरमपेठेतल्या एका गटात पाठवलं. हेच ऑपरेशन झालेली आणि होणारी माणसं रविवारी सकाळी एका दवाखान्याच्या वरच्या हॉलमध्ये जमतात. लिफ्ट आहे, म्हणून गेले, नाहीतर तेही जमलं नसतं. गेले ती नाक मुरडतच. वाटलं, रडारड असेल, एकमेकांसाठी टाळ्या वाजवत असतील. तर बाहेरूनच हसण्याचा आवाज. आणि खुर्च्या, आई. रुंद, बिनहाताच्या, दणकट खुर्च्या. कित्येक वर्षांत पहिल्यांदा मी खुर्ची न चाचपता बसले.

गट चालवणारी बाई सावनेरची, कापडाचं दुकान आहे तिचं. तिचं ऑपरेशन कधीच होऊन गेलं. ती म्हणाली, "ऑपरेशन काही कठीण नाही. त्याच्यानंतरचं पहिलं लग्न कठीण आहे. चार घासात पोट भरते, पाचवा उलटून येते, आणि मामी जिलबी घेऊन उभीच राहते." म्हणून तिथं चक्क आग्रहाचा सराव होतो. समोर रिकामं ताट, वाढणाऱ्याच्या हातात रिकामी पळी, आणि खाणाऱ्यानं न चिडता, न लाजता नको म्हणायचं. मी पोचले तेव्हा एक निवृत्त हवालदार रिकाम्या ताटापुढे "पुरे हो मावशी, पुरे" म्हणत घामाघूम झाले होते आणि तरी हरले होते.

माझी पाळी आली. मी ताठ बसले. बाई म्हणाली, "काहून वं, जेवून नाही राहिली? गोळाभात आहे." मी म्हटलं, "नो, थँक यू," आणि ताटावर हात आडवा धरला. तिनं पळी बरोबर माझ्या हातावर आणली. "हात काढ वं, चटका बसन." आणि मी हात काढला. पळीत काही नव्हतं, आई. हवा होती. सगळा हॉल हसला आणि माझ्याही डोळ्यांतून पाणी येईपर्यंत मी हसले. बाईनं विचारलं, "कोण होती ती?" म्हटलं, "माझी आई." म्हणाली, "सगळ्यायची तीच असते."

मी चौथीत आहे. ताटात गोळाभात, भातावर बेसनाचे गोळे, आणि तू वर घालायचं कडकडीत तेल पळीत घेऊन माझ्यापुढे उभी आहेस. शाळेत सिस्टरनी नुकतंच शिकवलंय, नको असेल तर 'नो, थँक यू' म्हणावं, की विषय संपला. मी म्हणते. तू पळी हलवत नाहीस. "असं परक्या माणसाले म्हणतात. तू काय परकी हायस वं?" मी हात काढते. तेल भातावर चुरचुरतं, मोहरीचा वास नाकात जातो. त्या रविवारी गटातून परतताना रिक्षात मला तुझा संताप आला. एवढ्याशा पोरीला अशा पेचात टाकायचं? आणि संतापता संतापता भूक लागली.

मग पातळ आहार सुरू झाला. सर्जननी बजावलं होतं, यकृत आक्रसलं नाही तर दुर्बिणीला वाट मिळणार नाही, अर्ध्यातून परत पाठवीन. आणि परवा वहिनी डबा घेऊन प्रताप नगरला माझ्या घरी हजर. "नंतर कुठं खाता येणार आहे तुमाले?" म्हणून गोळाभात. माझ्याच गॅसवर तिनं तेल कडकडवलं. वहिनी तुझ्या हाताखाली तयार झालेली. तू गेल्यावरही तीच पळी धरण्याची तऱ्हा. "हात काढा बाई, चटका बसन."

या खेपेला पळी भरलेली होती. मी हात तसाच ठेवला. म्हटलं, "नको वहिनी. परकी असते तर घेतलं असतं दोन घास, तुझं मन राखायला. तू घरची आहेस, म्हणून नको म्हणते." तिनं पळी कढईत ठेवली, ताट स्वतःकडे ओढलं आणि माझ्यासमोर बसून सगळा गोळाभात खाल्ला. मी डाळीचं पाणी पीत होते. खाताना म्हणाली, "तुमच्या त्या गटात खुर्च्या खरंच मोठ्या आहेत का? माझेही गुडघे दुखून राहिले." आज तिला घेऊनच गेले. हकीकत ऐकून हवालदारांनी उभं राहून मला सलाम ठोकला.

हॉस्पिटलची पिशवी भरून झाली. हा कागद तिच्यात नाही ठेवणार, मसाल्याच्या डब्याखाली ठेवते. मंगळवारी मी मजेत जाणार आहे. गटात एक गोष्ट मात्र बोलले नाही. वहिनीच्या पळीखाली हात टिकला. तुझ्या पळीखाली अजूनही टिकला नसता.